जुन्या फोटोतली मोटार ओळखायची कशी?

जुना फोटो हातात येतो. पाचसात माणसं ऐटीत उभी आणि त्यांच्या मागे मोटार. माणसांची नावं कुणीतरी सांगतं, पण फोटो कधीचा हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. अशा वेळी ती मोटार साक्षीला येते. कपड्यांच्या तऱ्हा दहा-दहा वर्षं रेंगाळतात. मोटार मात्र पहिल्या चाळीसएक वर्षांत इतक्या झपाट्याने बदलली, की दिवे, चाकं आणि दारं नीट पाहिली तर तिचा काळ चारपाच वर्षांच्या पट्ट्यात आणता येतो. नशीब असेल तर नेमकं सालही मिळतं.

कार्ल बेंझ यांनी त्यांच्या तीनचाकी गाडीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितलं. तिथपासून साधारण १९३० पर्यंतच्या गाड्या कशा ओळखाव्यात, ते इथे सांगतो.

सुरुवातीलाच एक आग्रह. फोटो पाहिल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो ‘ही कोणत्या कंपनीची?’ तो बाजूला ठेवा आणि आधी विचारा, ‘ही कोणत्या सालाच्या आधीची असूच शकत नाही?’ त्या काळात मोटारी बनवणारे शेकड्यांनी होते आणि बरेचसे एकमेकांची नक्कल करत. कितीतरी कंपन्या फक्त सांगाडा आणि इंजिन विकायच्या, वरची बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. म्हणून एकाच कंपनीच्या दोन गाड्या वेगळ्या दिसतात आणि दोन कंपन्यांच्या गाड्या जुळ्या बहिणींसारख्या. नाव आधी ठरवलं की डोळे त्या नावाला पटेल तेवढंच पाहू लागतात. काळ आधी ठरवला तर निम्मी नावं आपोआप गळतात.

फोटो तपासण्याजोगा करा

मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो या कामाला पुरत नाही. स्कॅनरवर इंचाला किमान १२०० ठिपके या हिशोबाने स्कॅन करा. छपाई कृष्णधवल असली तरी स्कॅन रंगीत ठेवा, म्हणजे डाग कोणता आणि तपशील कोणता हे कळतं. मागची बाजूही स्कॅन करा. पोस्टकार्डाच्या मागे पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर ते ब्रिटनमध्ये १९०२ नंतरचं आणि अमेरिकेत १९०७ नंतरचं. ही रेघ फुकट मिळणारा पुरावा आहे, तरी ती पाहायचं लोक विसरतात.

फोटो ‘स्पष्ट’ करून देणारी जी अ‍ॅप हल्ली मिळतात, त्यांच्यापासून या कामात चार हात लांब राहा. ती धूसर जागी स्वतःच्या अंदाजाने रेषा भरतात. चाकाच्या टोपीवर जिथे तीन पुसट अक्षरं होती, तिथे एखादा भलताच शब्द ठळक उमटतो आणि तोच पुरावा म्हणून पुढे फिरत राहतो. उजेड-अंधार कमी-जास्त करा, निगेटिव्ह करून पाहा, भिंग लावा. याहून जास्त काही नको.

पुढची तपासणी फोटो उलटा तर छापलेला नाही ना याची. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने छापली की डावं-उजवं बदलतं. पाट्यांवरची अक्षरं पाहा. ती नसतील तर पुरुषांच्या कोटाची बटणं पाहा: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीच्या वर येते. हे तपासल्याशिवाय स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे यावरून काहीच निष्कर्ष काढू नका.

रंगाच्या बाबतीतही सावध राहा. त्या काळच्या काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लालभडक गाडी फोटोत काळी दिसते आणि निळी गाडी फिकट राखी. ‘काळी दिसते म्हणून काळी’ हे अनुमान तिथेच सोडून द्या.

दुरून पाहा: गाडीचा एकूण आकार

डोळे किंचित बारीक करून फक्त बाह्यरेषा पाहा.

पुढे बॉनेटच नाही, बग्गीचा घोडा सोडल्यासारखी गाडी दिसते, इंजिन बैठकीखाली आहे आणि वळवायला चाकाऐवजी दांडा आहे, अशी गाडी बहुधा १९०५ च्या आधीची. अमेरिकेत या घाटाची सर्वात गाजलेली गाडी म्हणजे ओल्डस्मोबिलची १९०१ ते १९०७ दरम्यानची कर्व्ह्ड डॅश. तिची पुढची फळी घसरगाडीच्या नाकासारखी वर वळलेली असते. पण दांडा दिसला की गाडी फार जुनी असं समजू नका. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी दांडा पुढे बरीच वर्षं ठेवला. उंच काचेच्या कपाटासारखी बॉडी, पुढे रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी) नाही, आत दांडा धरून बसलेली व्यक्ती, असं दिसलं तर बेकर किंवा डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या बॅटरीवरच्या गाड्यांचा विचार करा.

पुढे इंजिन, मग चालक आणि मागच्या चाकांना गती, ही मांडणी पानार-लव्हासोर या फ्रेंच कंपनीने १८९१ पासून रूढ केली. अशा गाडीत मागच्या बैठकीवर चढायचं दार कुठे आहे ते पाहा. दार मागच्या बाजूला असेल तर गाडी साधारण १९०५ च्या आधीची. तेव्हा सांगाडे आखूड होते, बाजूने दार ठेवायला जागाच नव्हती. सांगाडा लांबला तसं दार बाजूला आलं.

यानंतरची खूण मला सर्वात भरवशाची वाटते: पुढच्या बैठकीला दार आहे का? १९१० च्या आधीच्या बहुतेक उघड्या गाड्यांत चालकाचे पाय बाजूने सरळ दिसतात. १९१० ते १९१२ या दोनतीन वर्षांत पुढची दारं सगळीकडे आली. त्याच सुमारास बॉनेट आणि बॉडी यांच्यामधली उभी, सपाट लाकडी फळी जाऊन तिथे गोलाईदार पत्रा आला आणि १९१४ पर्यंत बॉनेटची रेषा बॉडीत सलग मिसळू लागली. बॉनेट म्हणजे पेटी आणि मागे वेगळा सोफा असं दिसलं तर गाडी १९१० नंतरची धरू नका. सगळं एका रेषेत वाहत असेल तर १९१२ च्या आधीची धरू नका.

घट्ट छपराच्या बंद गाड्या आधीही होत्या, पण त्या महागड्या आणि बहुधा चालक ठेवणाऱ्यांच्या. साध्या कुटुंबाच्या फोटोत बंद गाडी असेल तर १९२० चं दशक धरून चाला.

दिवे

दिव्यांवर वेळ घालवा, तो वाया जात नाही. सुरुवातीच्या गाड्यांना बग्गीसारखे मेणबत्तीचे किंवा रॉकेलचे कंदील असत. मग अ‍ॅसिटिलीन गॅसचे मोठे पितळी दिवे आले. कार्बाइडवर पाणी ठिबकवून हा गॅस तयार होतो. दिव्याच्या माथ्यावर गरम हवा जाण्यासाठी धुराड्यासारखं टोपण असेल, तर तो ज्योतीचा दिवा. कधी दिव्यापासून रबरी नळी निघून फूटबोर्डावरच्या पितळी डब्याकडे किंवा लांबट नळकांड्याकडे जाते. डब्यात गॅस तयार होई, नळकांड्यात तो भरून मिळे.

कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलवर विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. त्यानंतर चारपाच वर्षांत ज्योतीचे दिवे नव्या गाड्यांवरून ओसरले. विजेच्या दिव्याला धुराडं नसतं, तो ढोलकीसारखा किंवा वाटीसारखा गुळगुळीत असतो. पितळही याच सुमारास कमी झालं आणि निकेल किंवा काळा रंग आला.

मात्र दिवे बदलता येतात. जुन्या गाडीला नंतर विजेचे दिवे बसवल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. उलटं सहसा होत नाही, विजेचे दिवे काढून कुणी गॅसचे लावत नाही. म्हणून ज्योतीचे दिवे गाडीच्या बांधणीबद्दल जास्त खात्रीने बोलतात.

दिवे मडगार्डातूनच बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले दिसले तर जवळजवळ नक्की पिअर्स-अ‍ॅरो. या अमेरिकी कंपनीने १९१३ पासून ही पद्धत आणली आणि ती तिची ओळखच झाली. त्याच कंपनीच्या काही गाड्यांना गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार साधे दिवेही असत. त्यामुळे असे दिवे नाहीत, म्हणून ती पिअर्स-अ‍ॅरो नव्हे असं म्हणता येत नाही.

चाकं आणि स्टेपनी

चाकाचे आरे मोजा. पुढच्या चाकाचे वेगळे, मागच्या चाकाचे वेगळे, कारण बऱ्याच गाड्यांत ते सारखे नसतात. जाड लाकडी आरे, सायकलसारख्या तारा किंवा सपाट पत्र्याची तबकडी, यांतलं काय आहे ते नोंदवा. तारांची चाकं अगदी सुरुवातीच्या हलक्या गाड्यांवरही होती आणि १९२० च्या दशकातही होती, म्हणून तारांवरून एकट्याने काळ ठरत नाही. तबकडीची चाकं मात्र पहिल्या महायुद्धानंतर फोफावली.

टायरचा रंग पाहा. आधीचे टायर पांढरट किंवा राखी असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड असे. १९१० च्या दशकात रबरात काजळीसारखी कार्बनची पूड मिसळू लागले आणि टायर काळे झाले. धुळीच्या रस्त्यावर काळा टायरही पांढरा दिसतो, तेव्हा मडगार्डही धुळीने माखलंय का ते आधी पाहा. टायर उंच आणि बारीक की बसका आणि गुबगुबीत, हेही बघा. फायरस्टोनने १९२३ मध्ये कमी दाबाचे फुगीर टायर आणले आणि ते लवकरच सगळीकडे पसरले.

आपण ज्याला स्टेपनी म्हणतो, त्या शब्दाचा उगम इथेच सापडतो. सुरुवातीच्या गाड्यांचं चाक सुटं होत नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब जोडायची. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली: आरे आणि तुंबा (आरे जिथे जुळतात तो चाकाचा मधला गोळा) नसलेली, टायर चढवलेली नुसती कडी, जी पंक्चर चाकाला बाहेरून आवळून बसवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते झालं स्टेपनी चाक. फोटोत गाडीच्या बाजूला टायर अडकवलेला दिसला की त्याच्या मध्यातून पलीकडचं दिसतंय का ते पाहा. नुसता टायर, टायरसह कडी, की आरे-तुंब्यासकट पूर्ण चाक? नुसता टायर असेल तर बहुधा सुरुवातीचा काळ, पूर्ण चाक असेल तर नंतरचा.

पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम दिसतात का? साध्या गाड्यांना पुढचे ब्रेक १९२४ च्या सुमारास मिळू लागले. काही महागड्या युरोपी गाड्यांना ते १९१९ पासूनच होते. आणि मागच्या चाकाकडे सायकलसारखी जाड साखळी जात असेल, तर गाडी बहुधा १९१० च्या आधीची, नाहीतर मालट्रक. ट्रकवर साखळी बरीच वर्षं टिकली.

नाक

आता कंपनीकडे वळू. इथे सगळ्यात बोलकं असतं गाडीचं नाक, म्हणजे रेडिएटर आणि बॉनेट. बॉडी कारागिराची असली तरी नाक कंपनीचं असतं.

अगदी सुरुवातीला रेडिएटर असा उभा नव्हताच. पत्र्याच्या पात्या लावलेल्या नळ्यांची वळकटी पुढच्या बाजूला खाली टांगलेली असे. १९०१ च्या मर्सिडीजवर विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा उभा रेडिएटर दिला आणि पुढची तीस वर्षं मोटारीचा चेहरा तसाच राहिला.

काही चेहरे एकदा लक्षात राहिले की विसरत नाहीत. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, धारदार कडांचा रेडिएटर रोल्स-रॉइसचा, त्यावरची पंखवाली मूर्ती १९११ पासूनची. पूर्ण गोल रेडिएटर आणि पिंपासारखं बॉनेट दिसलं तर डेलोने-बेलव्हिल आठवा, ही कंपनी मुळात बॉयलर बनवणारी. पॅकार्डच्या रेडिएटरचे खांदे बैलाच्या जुवासारखे वळलेले. रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हळी असतील तर ब्रिटिश डेमलर, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना मागे निमुळती होत जाणारी लांब पन्हळ असेल तर व्हॉक्सहॉल. या दोन पन्हळींची गल्लत फार होते, म्हणून जागा नीट पाहा. बंदुकीच्या गोळीसारखं गोलसर नाक १९१३ ते १९२६ च्या मॉरिसचं. होडीच्या टोकासारखा पुढे निघालेला रेडिएटर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मन गाड्यांत फार आढळतो. तो मर्सिडीजचाच असतो असं नाही, बेंझ आणि ओपेलनेही वापरला. तीन टोकांचा तारा मात्र १९०९ मध्ये नोंदवलेला, जर्मन डेमलर कंपनीच्या मर्सिडीजचा. १९२६ मध्ये बेंझ आणि डेमलर एकत्र येईपर्यंत बेंझच्या गाडीवर तो सापडणार नाही.

पुढे उतरतं, कोळशाच्या टोपलीसारखं बॉनेट आणि समोर रेडिएटरच नाही, अशा नाकाला लोक पटकन ‘रेनॉ’ म्हणून मोकळे होतात. या नाकावर जरा थांबा. रेनॉचा रेडिएटर इंजिनाच्या मागे, चालकाच्या पुढ्यात असे आणि बॉनेटच्या मागे तो दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो. सप्टेंबर १९१४ मध्ये सैनिकांना मार्नच्या आघाडीवर नेणाऱ्या पॅरिसच्या टॅक्सी याच घाटाच्या. पण क्लेमाँ-बायार आणि शारों यांनीही असंच नाक वापरलं. अमेरिकेत फ्रँकलिनचं इंजिन हवेने थंड होई, म्हणून तिच्या काही मॉडेलांतही हेच उतरतं बॉनेट दिसतं आणि मागे रेडिएटर मुळीच नसतो. स्टॅनलीच्या वाफेच्या गाडीचं शवपेटीसारखं गोलसर नाकही दुरून फसवतं, त्याखाली इंजिनाऐवजी बॉयलर असतो. तेव्हा उतरतं नाक दिसलं की पुढचा प्रश्न एकच: बॉनेटच्या मागे रेडिएटर दिसतो का?

नाकानंतर हबकॅप, म्हणजे चाकाच्या तुंब्यावरची टोपी. तिच्यावर बहुधा कंपनीचं नाव किंवा चिन्ह कोरलेलं असतं. चाक कुठेही थांबलेलं असेल, अक्षरं आडवी-उलटी झालेली असतील, म्हणून स्कॅन गोल गोल फिरवून वाचा. चारही चाकं तपासा, एकाच टोपीवर उजेड नीट पडलेला असतो. रेडिएटरच्या जाळीवर तारेने बांधलेलं तिरकं नाव वाचताना मात्र सबुरी ठेवा, कधी ते गाडी विकणाऱ्याचं किंवा क्लबचं असतं.

आधी फोर्ड टी आहे का ते पाहा

१ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आलेली फोर्डची मॉडेल टी १९२७ पर्यंत बनत राहिली आणि दीड कोटींहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणून फोटोत अनोळखी साधी गाडी असेल तर आधी तीच आहे का ते तपासणं शहाणपणाचं. समोरून पाहिल्यास रेडिएटरखाली एक आडवी कमान दिसते, ती पुढच्या आसावरची एकच आडवी स्प्रिंग. इतर बहुतेक गाड्यांत स्प्रिंगचे पाटे चाकांजवळ दोन्ही बाजूंना, गाडीच्या लांबीच्या दिशेने असतात.

टी निघाली की साल लावणं सोपं. पितळी रेडिएटर १९१६ च्या मॉडेलपर्यंत. १९१७ च्या मॉडेलपासून काळं पत्र्याचं आवरण आणि फुगीर बॉनेट. पुढचे दिवे गॅसचे असतील तर १९१४ किंवा आधी, विजेचे १९१५ पासून. बॉनेटमागची सपाट फळी १९१४ पर्यंत, गोल पत्रा १९१५ पासून. अमेरिकेत बनलेल्या उघड्या पाच आसनी टीला १९१२ ते १९२५ या काळात चालकाच्या बाजूला उघडणारं दार नव्हतं. कॅनडात बनलेल्यांना होतं. १९२६ मध्ये बॉडी बसकी झाली आणि तारांची चाकं मिळू लागली. टी फक्त काळीच असे हा समज १९१४ ते १९२५ पुरता खरा आहे. त्याआधी ती हिरवी, लाल, निळी, राखीही मिळे.

मोजमाप

चिन्हं दिसत नाहीत, पण गाडी बाजूने दिसतेय, तर पट्टी घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मग चाकाची टायरसकट रुंदी आडवी मोजा, दोन्ही चाकांची घेऊन सरासरी काढा. अंतराला रुंदीने भागा. रुंदी आडवीच घ्यायची, कारण गाडी थोडी तिरकी उभी असली तर अंतर आणि चाकाची आडवी रुंदी दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात आखडतात आणि भागाकार टिकतो.

मॉडेल टीचं चाकांमधलं अंतर १०० इंच आणि टायर ३० इंची, म्हणजे भागाकार ३.३. कर्व्ह्ड डॅश ओल्डस्मोबिलचा अडीचच्याही आत. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टसारख्या लांब गाडीचा चारच्या घरात. त्या काळच्या टायरच्या आकड्यांमुळे हे काम सोपं होतं: फुगीर टायर येण्याआधी ३०×३½ किंवा ८१५×१०५ यांतला पहिला आकडा टायरचा बाहेरचा व्यासच असे, एकात इंच, दुसऱ्यात मिलिमीटर. कॅटलॉगमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. थोडा फरक चालेल, मोठा फरक पडला तर ते नाव सोडा.

धावत्या गाडीचा फोटो मोजू नका. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत पडद्याची फट काचेवरून सरकत जाई, त्यामुळे वेगातली चाकं लंबगोल होऊन पुढे झुकलेली दिसतात.

नंबराची पाटी

पाटी गाडीपेक्षा फोटोबद्दल जास्त सांगते. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये पाटी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून एक किंवा दोन अक्षरं आणि पुढे आकडे अशी पद्धत आली. अक्षरं नोंदणी करणाऱ्या विभागाची, लंडनला ए. जर्मनीत १९०७ पासून रोमन आकडे: आय ए असेल तर बर्लिन, दोनच्या रोमन आकड्याने सुरू होत असेल तर बव्हेरिया. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये मालकांना स्वतःच पाटी करून लावायला सांगितलं, त्यामुळे चामड्यावर ठोकलेली आद्याक्षरं दिसतात. राज्याने स्वतः पाट्या देण्याची सुरुवात मॅसॅच्युसेट्सने १९०३ मध्ये केली. पुढे बऱ्याच राज्यांनी पाटीवर सालच छापायला सुरुवात केली. पाटीच्या कोपऱ्यात बारीक दोन आकडे दिसले तर तिथे भिंग लावा.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, फोटोत उघडी पाच आसनी गाडी आहे, डावी बाजू आपल्याकडे. कोटांची बटणं पाहून फोटो सरळ छापलाय याची खात्री झाली. मागच्या बैठकीला दार आहे, चालकाचे पाय झाकलेले आहेत, म्हणजे १९१० च्या पुढे. स्टिअरिंग डावीकडे. दिव्यांना माथ्यावर टोपण, फूटबोर्डावर पितळी डबा, म्हणजे गॅस. बहुधा १९१५ च्या आत. रेडिएटर चकाकतोय. बॉनेटमागे सपाट फळी आहे. चालकाच्या बाजूला दाराची फटच नाही. पट्टीने भागाकार आला ३.४. रेडिएटरखाली कमानीचं एक टोक दिसतं.

सगळ्या खुणा फोर्ड टीकडे बोट दाखवतात, १९१२ ते १९१४ दरम्यानची. आता पाटी: अमेरिकी, कोपऱ्यात १६. म्हणजे गाडी जुनी, फोटो १९१६ चा. गाडीचं साल आणि फोटोचं साल एकच मानून घरातल्या मुलांची वयं लावली असती तर दोन ते चार वर्षांची चूक झाली असती. गाडी नेहमी ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगते. ‘याच्यानंतर नाही’ हे सांगायला पाटी, पोस्टाचा शिक्का किंवा माणसं लागतात. आणि गाडीवरची सर्वात नवी वस्तू धरायची, सर्वात जुनी नव्हे. पितळी भोंगा १९०५ चा असेल, पण शेजारी विजेचा दिवा असेल तर फोटो भोंग्याच्या सालाचा होऊ शकत नाही.

गाडी खरी आहे का, हेही एकदा पाहा. स्टुडिओत रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या मोटारी असत, मागे बसून लोक फोटो काढून घेत. सपाट चाकं, सावली नसलेला फूटबोर्ड आणि मागे रंगवलेलं आकाश दिसलं की तपास तिथेच थांबवायचा. आणि समोर उभा राहिलेला माणूस गाडीचा मालक असेलच असंही नाही. मोटार दिसली की शेजारी उभं राहून फोटो काढून घेण्याची हौस तेव्हाही होती.

ताडून पाहणं आणि लिहून ठेवणं

तुमचा अंदाज त्या काळच्या जाहिराती आणि कंपनीच्या कॅटलॉगशी ताडा. आज सजवलेल्या गाड्यांशी ताडू नका, त्यांवर दिवे आणि चाकं बऱ्याचदा नंतरची असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुने फोटो मोठ्या आकारात खुले ठेवले आहेत, ब्रिटिश गाड्यांसाठी ब्यूलीच्या नॅशनल मोटर म्युझियमचा संग्रह मोठा आहे. इंटरनेटवर चित्रावरून शोध घेतला तर दहा ठिकाणी एकच नाव मिळतं, पण बहुधा ते दहाही जण एकाच चुकलेल्या ओळीवरून उतरवलेले असतात. म्हणून किमान तीन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय मी कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन जुळल्या तर ‘बहुधा’ लिहितो.

शेवटी नोंद. ती फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, दाब न देता, कडेला लिहा. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. काय ठरवलं याबरोबर कशावरून ठरवलं तेही लिहा, म्हणजे नंतर कुणाला चूक सापडली तर दुरुस्त करता येईल. वरच्या उदाहरणाची नोंद अशी होईल: ‘फोर्ड मॉडेल टी, उघडी, १९१२-१४. गॅसचे दिवे, सपाट फळी, पुढे डावं दार नाही, आडवी स्प्रिंग. पाटीवर १६, म्हणून फोटो १९१६. गाडी कुणाची, माहीत नाही.’